चार बोटं जागा

१

बाटलीत बुडबुडा नव्हता.

शीतकपाटाच्या मधल्या फळीवर सात बाटल्या उभ्या होत्या. सगळ्या अर्ध्या लिटरच्या, तपकिरी काचेच्या, बुचावर लाखेची मोहोर. सहा बाटल्यांत पातळी खांद्याच्या बरीच खाली होती. सातवीत ती थेट बुचाला टेकली होती. तिने बाटली आडवी केली, उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली. मोहरीएवढा बुडबुडासुद्धा कुठून कुठे सरकला नाही.

ती इंधन प्रयोगशाळेची गुणवत्ता अधिकारी होती. शिकत असताना तिच्या प्राध्यापकांनी तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. ते प्राध्यापक आता याच प्रयोगशाळेचे संचालक होते आणि अजूनही तिला त्याच नावाने हाक मारायचे.

ही सातवी बाटली तिने नऊ दिवस उघडली नव्हती. उघडायला भीती वाटत होती, हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी पहाटे, एक रुग्णवाहिका पुलावर बंद पडली. आत छातीत कळा येत असलेला गिरणीकामगार होता. दुसरी गाडी येईपर्यंत तो गेला. गाडीच्या टाकीतून काढलेल्या इंधनाचे दोन थर झाले होते. वर पेट्रोल, खाली पाणी आणि अल्कोहोल. पेट्रोलमध्ये उसाच्या मळीपासून केलेलं अल्कोहोल पाचास एक या प्रमाणात मिसळायची सरकारची योजना होती. मुख्य डेपोवर ती महिनाभर चाचणी म्हणून चालू होती. परवा मंत्र्यांच्या हस्ते ती सगळीकडे सुरू व्हायची होती. अशा मिश्रणात थोडं पाणी मुरतं, डोळ्यांना दिसत नाही. मात्र गारठा वाढला की ते अल्कोहोलला सोबत घेऊन तळाशी बसतं आणि इंजीन गप्प होतं.

त्याच दुपारी नमुनेकाकांनी डेपोच्या टाकीतून नमुना घेतला होता. तीस वर्षं ते फक्त नमुनेच घेत आले होते. ही त्यांची बाटली. आतलं इंधन काचेसारखं स्वच्छ होतं. म्हणजे कागदावर डेपो निर्दोष, आणि पाणी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने घातलं, पेट्रोल विकून खाल्लं.

पण पेट्रोल उन्हात फुगतं. कुठलाही नमुनेवाला बाटली अशी भरत नाही.

तिला एकदम दवाखाना आठवला. शनिवारी काका प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावरून पडले होते. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं, लिहायचा हात प्लास्टरमध्ये. "कुणी ढकललं?" असं विचारलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताची चार बोटं दाखवली होती. पोलीस म्हणाले, चार माणसं. काकू म्हणाल्या, चार नंबरची टाकी. काका मान हलवून हलवून रडकुंडीला आले होते.

त्यांनी बोटं उभी धरली नव्हती. आडवी धरली होती, एकाला एक चिकटवून.

तिने शेजारची बाटली उचलली आणि बूच ते पातळी या रिकाम्या जागेवर आपली चार बोटं आडवी टेकवली. जागा बरोबर भरली.

काकांनी ढकलणाऱ्याबद्दल सांगितलंच नव्हतं. त्यांनी बाटलीबद्दल सांगितलं होतं.

२

तिने नोंदवही उघडली. काकांचं अक्षर: मंगळवार, दुपारी बारा वाजून दहा, टाकीचं तापमान अठ्ठावीस. शीतकपाट पाच अंशांवर असतं. अठ्ठाविसावरून पाचावर आलेलं अर्धा लिटर पेट्रोल दोन-तीन चमचे आकसतं. म्हणजे काकांनी उन्हात बुचापर्यंत भरली असती, तरी इथे येऊन वर जागा पडलीच असती.

जागा नव्हती. म्हणजे ही बाटली इथेच, या थंड खोलीत, थंड इंधनाने भरली गेली होती. काकांचा नमुना ओतून, त्याच बाटलीत, त्याच लेबलामागे, वर नव्याने लाखेची मोहोर करून.

खोलीत ती एकटीच होती, तरी तिने दार उघडं आहे ना ते पाहिलं.

थंड खोलीच्या दोनच किल्ल्या होत्या. एक संचालकांकडे, दुसरी भांडार सांभाळणाऱ्या बाईंच्या कमरेला. त्या चालल्या की जुडगा वाजायचा, म्हणून त्यांचं नाव किल्लीबाई.

"किल्लीबाई, मंगळवारनंतर या खोलीत कोण कोण आलं?"

"मी आले, तुम्ही आलात, काका आले, सर आले. आणि ते मळीवाले साहेब." मळीवाले साहेब म्हणजे अल्कोहोल पुरवणाऱ्या कारखान्याचे गुणवत्ता प्रमुख. "बुधवारी आले होते. आपल्या बाटल्या बघायच्या म्हणाले. मी दारात उभी होते, पण मधे फोन आला. का हो मॅडम? काही हरवलं का?"

"नाही. एक गोष्ट जास्त आहे."

"जास्त असलं तर बरंच की. माझ्या भांडारात आजवर काही जास्त निघालं नाही."

तिला हसू आलं नाही. किल्लीबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, काका पडले त्या दिवशीपण तुमच्यासारखंच विचारत होते. ही बाटली कुणी हलवली म्हणून. मी म्हटलं, सरांना विचारा नाहीतर मळीवाल्यांना, दोघं वरच बसलेत. तासाभराने जिन्याखाली सापडले."

मळीवाले साहेब आजही वरच होते, परवाच्या समारंभाच्या तयारीत. गुबगुबीत माणूस, बोलताना हातातलं पेन सतत उघडझाप करणारा.

"या मॅडम, या! तुमच्या अहवालाची सगळे चातकासारखी वाट बघतायत. एक सही, बस्स."

"बुधवारी तुम्ही थंड खोलीत कशाला गेला होतात?"

पेन थांबलं. "माझे नमुने बघायला. त्यात गुन्हा काय?"

"डेपोची बाटली हाताळलीत?"

"मी?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मॅडम, माझ्या कारखान्यात चारशे माणसं आहेत. ही योजना बंद पडली तर चारशे चुली विझतील. तुम्ही शास्त्रज्ञ लोक, तुमचं काय जातं? उगीच काड्या करू नका. घरी वृद्ध आई असते ना तुमच्या?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे. सरच सांगत होते, किती करते म्हणून आईचं."

बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं, आपण मुठी आवळल्या आहेत. संचालकांच्या दारावर टकटक करून तिने आत डोकावलं.

"सर, डेपोच्या बाटलीबद्दल थोडं बोलायचं होतं. मला ती काकांनी भरलेली वाटत नाही."

सरांनी चष्मा काढला. पांढरे केस, शांत आवाज. या माणसाने तिला शोधनिबंध लिहायला शिकवलं होतं, वडील गेले तेव्हा तिची फी भरली होती.

"मोजपट्टी, तू दमली आहेस. जेवायला घरी जातेस ना? आज निवांत, दोनला जा. मग बोलू. तोवर कुणाजवळ काही बोलू नकोस."

सव्वाअकरा वाजले होते. तिने आपल्या स्कूटरच्या टाकीतून थोडं पेट्रोल नळीने काढलं. कालच भरलं होतं, मुख्य डेपोच्याच पंपावर. बाटलीत चार बोटं जागा ठेवली आणि ती शीतकपाटात, सातवीच्या शेजारी ठेवून दिली. मग थंड खोलीला कुलूप लावून घेतलं.

दोनपर्यंत थांबणं तिला जमेना. एकला ती घरी निघाली.

३

दार उघडताच वास आला.

"आलीस? बरं झालं. चहा टाकतेच आहे," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. आईला दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर वास येत नसे.

तिने चप्पलही काढली नाही. ओट्यावर, शेगडीपासून वीतभर अंतरावर, तपकिरी काचेची अर्ध्या लिटरची बाटली होती. बूच वर उचललं गेलं होतं. गळ्यावरून एक चकचकीत ओघळ उतरून ओट्यावर पसरला होता आणि शेगडीच्या पायापाशी पोचला होता. आईच्या हातात काडेपेटी होती. काडी बाहेर निघाली होती.

"आई, थांब! हलू नकोस!"

"अगं, झालं काय ओरडायला?"

तिने काडी हातातून काढून घेतली. आईला धरून आधी अंगणात नेलं. मग आत येऊन गॅसचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, ओल्या फडक्याने ओटा पुसला. हे सगळं करताना हात स्थिर होते. बाटली बाहेर नेऊन ठेवली. मग मात्र ती पायरीवरच बसली.

"कुणी दिली ही?"

"दाराच्या कडीला पिशवी लटकवलेली होती. बेल वाजली, मी उघडेपर्यंत कुणी नाही. तेल असेल म्हटलं, तू मागवलेलं. पाऊण तास झाला असेल."

"पिशवीत चिठ्ठी होती?"

"होती की. तीही वेडगळच. 'सही करा' एवढंच. छापलेलं."

म्हणजे ती घाबरावी एवढाच हेतू होता. आईला जाळायचं नव्हतं. पण ज्याने बाटली भरली, त्याने ती पुन्हा बुचापर्यंत भरली होती. बाहेर एकोणतीस अंशांचं ऊन होतं. थंड पेट्रोल तापलं, फुगलं, बूच ढकलून बाहेर आलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तोच हात. तीच सवय.

तिने आईला शेजारच्या काकूंकडे पोचवलं. "मी स्वतः येईन तेव्हाच परत यायचं. कुणी माझं नाव सांगून बोलवलं तरी नाही."

"तू कुठे निघालीस?"

"ऑफिसला."

"नको जाऊस," आई म्हणाली. तिने तिचं मनगट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. "सोड ना ती नोकरी. जे चाललंय ते चालू दे."

तिला तेच हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. तिने आईचा हात हळूच सोडवला.

४

प्रयोगशाळेच्या फाटकाशी बाकावर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बसला होता. निलंबित झाल्यापासून तो रोज यायचा, काही न बोलता बसायचा.

"मॅडम," आज तो उठला. "आज रात्री तीन अंशांवर जाणार म्हणतात. बावीस रुग्णवाहिका आहेत आपल्या. सगळ्या संध्याकाळी त्याच डेपोचं भरतात. मी पाणी घातलं असं म्हणतात ना, म्हणू देत. पण त्या बावीस जणांनीपण घातलं असेल का?"

"दादा, इथेच थांबा. मी हाक मारेन."

किल्लीबाईंकडून तिने थंड खोली उघडून घेतली. शीतकपाटात स्कूटरमधली बाटली होती. आतलं पेट्रोल आता काचेसारखं राहिलं नव्हतं. धुकं धरलं होतं, आणि तळाशी करंगळीच्या नखाएवढा, वेगळा, पारदर्शक थर साचला होता. शेजारची सातवी बाटली तशीच लखलखीत.

कालचं पेट्रोल. मुख्य डेपोचं. अजूनही ओलं.

म्हणजे बाटली बदलणाऱ्याला डेपो खराब आहे हे माहीत होतं. नऊ दिवसांपासून.

कोण? तिने स्वतःला मोजायला लावलं. भीती वाटली की ती मोजायची.

मळीवाले साहेब. त्यांच्या कारखान्याचे नमुने त्याच कपाटात होते, त्यांच्या हातचे. सगळे खांद्याखाली. ज्याचा जन्म अल्कोहोलमध्ये गेला, तो बाटली बुचापर्यंत भरून उन्हात ठेवणार नाही. तो धमकी देईल, पण अशी नाही. किल्लीबाई? भांडाराच्या फळीवर दिव्यांच्या स्पिरिटच्या बारा बाटल्या होत्या, त्या दर सोमवारी भरायच्या. सगळ्यांत वर जागा.

"तुम्हाला कुणी शिकवलं ही जागा ठेवायला?"

"नमुनेकाकांनी. बोटं मोजून दाखवायचे. सरांनासुद्धा एकदा दाखवायला गेले होते. सर म्हणाले, काका, आमच्या पाणी खात्यात याच्या उलट असतं."

जुडग्याचा आवाज थांबला.

तिला कॉलेजातला एक नदीकाठ आठवला. ती पहिल्या वर्षाला होती. नदीकाठी वीस मुलं, आणि पाण्यात गुडघाभर उभे असलेले सर. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर बाटली पाण्याखाली भरायची, पाण्याखालीच बूच लावायचं, मग उलटी करून बघायची. बुडबुडा दिसला की नमुना फेकून द्या. आपल्याच हवेने आपला नमुना बिघडतो. सर पंचवीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. इथे येऊन दोनच वर्षं झाली होती, आणि खुर्चीवर आल्यापासून त्यांनी स्वतःच्या हाताने बाटली कधी भरलीच नव्हती.

दोनदा सोडून.

"मघाशी सर बाहेर गेले होते?" तिने विचारलं.

"बाराच्या सुमाराला. पाऊण तासात आले." किल्लीबाईंचा चेहरा उतरला होता. "ताई, एकट्या जाऊ नका."

"तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. किल्ल्या वाजवत राहा. मला आवाज ऐकू येऊ दे."

५

सरांनी उठून दार लोटून घेतलं. बाहेर किल्ल्या वाजत होत्या.

तिने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. एक लखलखीत, एक धुकट. मग घरून आणलेली तिसरी, गळ्याशी ओघळलेली.

"बुडबुडा नाही सर. तुम्हीच शिकवलं होतं."

त्यांनी तिसरी बाटली उचलली. "ही ओघळली कशी?"

"उन्हात बूच उडालं. शेगडीशेजारी. आईच्या हातात काडी होती."

सर खुर्चीत बसले नाहीत, पडले. "मला फक्त... तू थांबावीस एवढंच हवं होतं. देवाशपथ, मोजपट्टी. घरात नेतील, ऊन लागेल, हे मला..."

"काका?"

"ते नोंदवही घेऊन आले. म्हणाले, ही माझी बाटली नाही, मी वर कळवणार. मी वही ओढली. ते मागे सरकले." त्यांनी डोळे मिटले. "जिना होता मागे."

"आणि तुम्ही वही जागेवर ठेवलीत आणि वर येऊन मळीवाल्यांबरोबर चहा प्यायलात."

सरांनी तिसरी बाटली स्वतःपासून दूर सरकवली.

"सर, का?"

"का?" आवाजात जुनी धार आली. "डेपोच्या टाक्या मी पास केल्या. पाणी तपासायला टाकीत उतरवायच्या गजाला लेप लावतात, पाणी लागलं की रंग बदलतो. चाळीस वर्षं तोच लेप. अल्कोहोलमध्ये मुरलेल्या पाण्याला तो नीट रंग दाखवत नाही, नवा लेप लागतो. ते मला माणूस गेल्यानंतर कळलं. टाकीचं एक झाकण गळकं, एक लेप जुना. आणि त्यासाठी ही सगळी योजना बदनाम होणार? पुन्हा वीस वर्षं सगळे धूर ओकणार? टाकी मी गुपचूप बदलून घेणार होतो. समारंभ झाला की."

"आज रात्री तीन अंश आहे."

"हवामानवाल्यांचं काय खरं असतं?"

बाहेर किल्ल्यांचा आवाज थांबला.

सर उठले होते. ते टेबलाला वळसा घालून तिच्याकडे येत होते, आणि त्यांची नजर तिच्यावर नव्हती, धुकट बाटलीवर होती. पुरावा म्हणून ती एकच बाटली होती. तिने ती छातीशी धरली आणि मागे सरकली. मग आठवलं, काकाही असेच मागे सरकले होते. ती जागच्या जागी थांबली.

"सर, पुढे येऊ नका." "तुम्ही माझी फी भरली होती. मी ते रोज आठवते. पुढे येऊ नका."

दार उघडलं. दारात किल्लीबाई, त्यांच्यामागे ड्रायव्हर, आणि त्याच्याही मागे पेनची उघडझाप विसरलेले मळीवाले साहेब.

"गाडी माझी बंद पडली होती," ड्रायव्हर म्हणाला. "मला ऐकायचं होतं."

सर थांबले. चष्मा काढून पुसू लागले, आणि पुसतच राहिले.

६

पावणेचार झाले होते. साडेचारला पहिले टँकर डेपोतून पंपांकडे निघतात.

पुरवठा बंद करण्याचा अधिकार गुणवत्ता अधिकाऱ्याचा असतो, आणि संशय एवढंच कारण त्याला पुरतं. नियंत्रण कक्षाला फोन करायचा, स्वतःच्या तोंडाने आदेश द्यायचा, तो ध्वनिमुद्रित होतो. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही. गेल्या नऊ दिवसांत तिने तो नंबर दोनदा फिरवला होता. दोन्ही वेळा पलीकडून "बोला" आलं होतं, आणि तिने फोन ठेवला होता. उद्या बघू, नमुना तर तपासू दे, सरांना विचारू दे.

बाटली बदलली होती सरांनी. पण नऊ दिवस ती न उघडण्याचं काम तिने एकटीने केलं होतं.

"मॅडम," मळीवाले साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "दोन दिवस थांबा. परवाचं होऊन जाऊ दे. माझी चारशे माणसं..."

"तुमचं अल्कोहोल चांगलं आहे, मी अहवालात तसं लिहीन. टाकी दुरुस्त होईल, लेप बदलेल. मग भरा, पाचास दोन भरा. मीच सही करेन."

"आणि मंत्री?"

"त्यांच्या गाडीतपण हेच आहे," किल्लीबाई म्हणाल्या.

तिने फोन पुढे ओढला. बोटं एवढी थंड होती की पहिला आकडा चुकला. पुन्हा फिरवला. खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं होतं, काचेला हात लावला तर आताच गार लागत होती.

"नियंत्रण कक्ष. बोला."

सर तिच्याकडे बघत होते. ड्रायव्हर जमिनीकडे.

"हॅलो? कोण बोलतंय? आदेश असेल तर बोला, नाहीतर फोन ठेवतो."

"ठेवू नका," ती म्हणाली. "मी इंधन प्रयोगशाळेची गुणवत्ता अधिकारी बोलतेय. मुख्य डेपोचा पुरवठा थांबवा. सगळा. एकही टँकर फाटकाबाहेर पडता कामा नये."